मागच्या दाराचा पेशंट

मी मूळचा दर्यापूरचा. बाबा तिथे एका डॉक्टरांकडे कंपाउंडर होते, अर्ध्या गावाची दुखणी त्यांना ठाऊक, पण घरी कधी चकार शब्द नाही. आई खोदून खोदून विचारायची, तर म्हणायचे, मले काय मालूम? मी नागपूरला डॉक्टर झालो, मग अमेरिकेत आलो, आणि ट्रेनिंग संपल्यावर जिथे कोणी जायला तयार नव्हतं तिथे, मिनेसोटाच्या या मक्याच्या गावात येऊन पडलो. शहराकडची, ईडन प्रेरीची आपली मराठी मंडळी म्हणायची, काऊन रे बाप्पा, तिथे मराठी बोलायला तरी कोणी आहे का? नव्हतंच. पण काय सांगू तुम्हाला, काय दिवस होते ते! बर्फात माझी गाडी रुतली की लोक ट्रॅक्टर लावून ओढायचे आणि थेट बाळंतिणीच्या दारात नेऊन सोडायचे. आमची ही, शालिनी, क्लिनिकमध्ये पुढे बसायची, फोन, फायली, अपॉइंटमेंट सगळं तीच बघायची. शेतकऱ्यांच्या म्हाताऱ्या तिला जॅमच्या बाटल्या द्यायच्या, ही त्यांना चिवडा. आता त्यातल्या कितीतरी गेल्या हो.

हां, तर तुम्ही लिहायला विचारलं ते राजकारण. मी काही पुढारी नव्हे. पण गावाची अँब्युलन्स बंद करून चाळीस मैलांवरच्या मोठ्या गावाची वापरायची अशी टूम निघाली, आणि ती काढणारा कार्ल, धान्याच्या कोठारांचा मालक, मेयरच्या निवडणुकीला उभा राहिला. माझं डोकंच फिरलं. मीही फॉर्म भरला. शालिनीने गावभर फोन केले, मी घरोघर फिरलो, पण मत मागायचं राहायचं बाजूला, कोणी गुडघा पुढे करायचं, कोणी जीभ काढून दाखवायचं, आणि एकेका घरात माझा तास जायचा! ही कपाळावर हात मारायची.

आता पाहा, कार्ल माझाच पेशंट. त्याला काय झालंय ते मला ठाऊक, आणि तो ते बायकोपासूनही लपवायचा, लंचच्या सुट्टीत मागच्या दाराने यायचा. चर्चच्या हॉलमध्ये आमची भाषणं झाली, कोणीतरी विचारलं, कार्ल, एवढी दगदग झेपेल का, तर हा पठ्ठ्या छाती ठोकून म्हणतो, मी ठणठणीत आहे, विचारा माझ्या डॉक्टरला! अख्खा हॉल माझ्याकडे बघून हसतोय. एक शब्द, यार, एक शब्द बोललो असतो तर निवडणूक खिशात होती. मी म्हटलं, क्लिनिकच्या वेळात या. लोक आणखी हसले.

अकरा मतांनी पडलो. गाडीत शालिनी म्हणाली, त्याला उत्तर का नाही दिलं, नुसती थट्टा करत बसलात, आता गेली ना अँब्युलन्स? आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. मलाही वाटायचं, आपण मूर्खपणा केला का? उद्या कोणाचं पोर दगावलं तर?

पुढच्या आठवड्यात कार्ल आला, मागच्याच दाराने. मी म्हटलं, हे मेयरला नाही, पेशंटला सांगतोय. तुला घरी काही झालं आणि चाळीस मैलांवरून गाडी यायची असेल, तर मी तुझ्यासाठी काही करू शकणार नाही. तो हातातली टोपी फिरवत बसून राहिला. मग गावाच्या मीटिंगमध्ये त्याने स्वतःच अँब्युलन्स बंद करायचा विषय रद्द केला. गाव म्हणालं, काय दिलदार माणूस! मी टाळ्या वाजवल्या, हिने नाही वाजवल्या.

टर्म संपल्यावर तो परत उभा राहिला नाही, मी राहिलो. त्याच हॉलमध्ये उठून म्हणाला, मी तेव्हा खोटं बोललो, मी आजारी होतो, डॉक्टरला माहीत होतं तरी तो गप्प बसला, आता मत त्याला द्या. सगळे उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मला रडू आलं, लपवत नाही. तेव्हापासून मेयर आहे, निम्मा दिवस बर्फ उपसण्याच्या तक्रारी ऐकण्यात जातो. कार्ल मागच्या वर्षी वारला.

पण कार्ल हॉलमध्ये खरं बोलला त्या दिवशी घरी आलो आणि हिला म्हटलं, तुलासुद्धा सांगता येत नव्हतं गं तेव्हा. ही चहा गाळत होती. म्हणाली, सांगायला कशाला हवं होतं? त्याचे रिपोर्ट फायलीला कोण लावायचं?

अहो, म्हणजे हिला सगळं आधीपासून माहीत! गावभर फोन करत होती, एका फोनवर बोलली असती तरी काम झालं असतं. माझ्यावर जळफळली, पण बाहेर कुणाला काही कळू दिलं नाही. टाळ्या मात्र मला मिळाल्या. देव तिला उदंड आयुष्य देवो. तुम्ही हे लिहाल ना, तेव्हा तिचं नाव आधी घाला.