मॅडम कुठायत?

पौडच्या दवाखान्यात सुईच्या धास्तीनं पिराजी बाकावर अंग चोरून बसला होता. शेजारी नर्सिंगच्या दोन पोरी खिदळत होत्या.

“सॉफ्ट स्किलच्या सरांनी बजावलंय, पेशंटला आजी-मावशी म्हणायचं नाही. मॅडम म्हणायचं.”

“मग?”

“काल त्या बयाबाई सुई दिसली की हात झटकायच्या. म्हटलं, ‘मॅडम, आपल्याला कसं वाटतंय?’ मॅडम कुठायत म्हणून त्या मागं वळल्या.”

“आणि तू?”

“तेवढ्यात टोचलं!”

“अगं, हे कुठलं सॉफ्ट?”

“सरांनी पैकीच्या पैकी दिले!”

टोचणारी पोरगी केसपेपर घेऊन उठली.

“पिराजी सर, आपल्याला कसं वाटतंय?”

“कायबी म्हण, मी मागं वळायचो न्हाई!”

“सर, कमरेत द्यायचंय. वळावं तर लागेलच.”