सही केलेला दुसरा कागद

नाव पोलीस ठाण्याच्या रजिस्टरात आहे, गल्लीत घड्याळकाका म्हणतात, वय ६३, धंदा घड्याळदुरुस्ती, राहणार दुकानाच्या माडीवर. आज सकाळी साडेदहाला स्वतःच्या पायाने ठाण्यात येऊन समक्ष सांगतो की:

आमच्या सेवा क्लबचा मी नऊ वर्षं खजिनदार आहे. आम्ही आजाऱ्यांना व्हीलचेअर फुकट वापरायला देतो. अध्यक्ष माझे थोरले मेहुणे, बायकोचे सख्खे भाऊ. चेकवर आम्हा दोघांच्या सह्या लागतात.

तीन महिन्यांपूर्वी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. मेहुणे म्हणाले, "भावोजी, तुम्ही पडून राहाल आणि खुर्च्यांची खरेदी अडेल. सह्या करून ठेवा." मी सहा कोरे चेक आणि क्लबची दोन कोरी लेटरहेड सही करून दिली. अक्कल गहाण टाकली होती, दुसरं काय! घरच्या माणसाकडे पावती कशी मागायची?

डोळा बरा झाल्यावर पासबुक भरून आणलं. सहाही चेक वटले होते, एकूण चार लाख बारा हजार. खुर्ची एकही आलेली नाही. हे मी रविवारच्या सभेत मांडणार, असं मेहुण्यांना सांगितलं. दुसऱ्याच दिवशी सगळ्या सभासदांच्या घरी क्लबच्या लेटरहेडवरच्या एका पत्राची झेरॉक्स पोचली. 'रक्कम मी खासगी कामासाठी वापरली, क्षमा असावी.' खाली सही माझी, आणि खरी.

काल दुपारी त्यांच्या घरी जाऊन दुसरा कागद मागितला. "आहे ना, जपून ठेवलाय," म्हणाले. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हं. अब्रू गेली की माणसं भलतंसलतं करून बसतात." मी चहा न घेता उठलो.

परतताना औषधवाल्याने हटकलं, "काका, झोप लागत नाही म्हणे? तुमचे मेहुणे काळजीत होते." घरी बायकोने माझ्या दाढीची पाती लपवून ठेवली होती. ती रडत होती. तिच्या भावाचा फोन येऊन गेला होता.

तरी साहेब, एवढं लिहून घ्याच. मला झोप उत्तम लागते. मी घोरतो, शेजारी साक्ष देतील. मला भीती वाटते, हे खरं. पण जीव देण्याचा विचार माझ्या मनात नाही. माझ्या सहीची चिठ्ठी कुठे सापडली, तर ती मी लिहिलेली नाही. हे तेव्हा सांगायला मी नसेन, म्हणून आज सांगतोय.

हवालदारसाहेबांनी जबाब मोठ्याने वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. खाली उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारून घेतली, मगच सही केली.