सुकेना ती लिली

...आणि वर मलाच विचारतात, "फुलांची चित्रं काढता ना? मग एवढे चिडता कशाला?" अहो, फुलांमुळेच चिडतो. तुम्हाला सांगतो, टवटवीत फुलासारखी कंटाळवाणी वस्तू दुसरी नाही. गुलाब? साबणाच्या वेष्टनावर शोभतो. डेलिया? नुसताच फुगलेला. मला सुकलेलंच फूल लागतं... मान टाकलेलं, कडा तपकिरी झालेलं. तेव्हा कुठे त्याला चेहरा येतो.

तर गॅलरीवाल्यानं निक्षून सांगितलं, "शनिवारी चित्र आलं नाही तर प्रदर्शनातली तुमची भिंत घोडेवाल्याला." घोडेवाला म्हणजे माझा वर्गमित्र, जन्मभर घोडेच काढतोय. आणि मला इतक्या वर्षांनी एक भिंत मिळालेली... लिली आणली, पेल्यात ठेवली, पेला रंगवला, देठ रंगवला आणि बसलो वाट बघत. सुकेना. पंखा लावला, सुकेना. पेल्यातलं पाणी ओतून दिलं, बायकोचा हेअर ड्रायर धरला... संध्याकाळी जराशी मान टाकली. म्हटलं, आली वठणीवर. पण दिव्याच्या उजेडात तपकिरी रंग खोटा दिसतो, म्हणून सकाळची वाट बघितली. सकाळी बघतो तर बाईसाहेब पुन्हा ताठ! रोज हेच. फुलाला शिव्या देणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या शेजाऱ्यांनी पाहिलाय.

शनिवारी लवकर उठलो. आमच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई फिरून आलेल्या, एका हातात नवी लिली, दुसऱ्या हातातली जुनी कचऱ्याच्या डब्यात चाललेली.

"आई, हे काय?"

"रोज बदलते ना. तुम्ही फुलाकडे बघून दातओठ खाता, म्हटलं सुकलं म्हणून चिडत असाल. देठाला तसाच बाक बघून आणते हो, फुलवाला वैतागतो माझ्यावर."

आणि मी, चित्रकाराची नजर म्हणून मिरवणारा... रोज नवं फूल, मला पत्ता नाही! बरं, जावयानं सासूवर ओरडायचं कसं? म्हटलं, "आई, मला सुकलेलंच फूल लागतं."

"इश्श, सुकलेलं कोण बघणार? आहे तेच काढा की."

काढलं. मुकाट्यानं, ताजं, ताठ. चित्र घेऊन धावत गॅलरीत पोचलो तोवर संध्याकाळ उलटलेली, भिंतीवर घोडे चढलेले. चित्र परत आणलं, सासूबाईंनी कौतुकानं बैठकीत लावलं. आता येणारा प्रत्येक पाहुणा त्याच्यासमोर थांबतो आणि मान डोलावत म्हणतो, "वा, अगदी जिवंत वाटतं हो."

मी आपला धन्यवाद म्हणतो.