एका खोक्याची सुटका

...आणि वर मलाच विचारतात, "काय हो सब्री, इतकी वर्षं अलेक्झांड्रियाच्या बंदरात कागद फिरवता, एक खोकं सुटत नाही तुम्हाला?" अहो, खोकं! तुम्हाला सांगतो, खोकंच तर सुटलं! तेच तर दुखणं आहे!

आमची बिस्किटांची फॅक्टरी. ईदला कहकची गोड बिस्किटं नसतील तर लोक ईद मानायचे नाहीत, आणि नेमका कहकवर नक्षी उठवणारा साचा रमजानच्या तोंडावर मोडला. नवा इटलीहून मागवला. मालक हाज फतूह मला म्हणाले, "सब्री, ईदच्या आत साचा आला नाही, तर तूही येऊ नकोस." झालं! गेलो कस्टम्समध्ये. तिथे मदाम इन्शिराह. बाई गोड हो, फार गोड! सगळा गठ्ठा चाळला, चष्मा कपाळावर नेला नि म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे हं, सब्री उस्ताज... फक्त एक कागद."

कसला? तर खोकं लाकडाचं. लाकडात कीड असते. धुरी दिल्याचा दाखला हवा! म्हटलं, मदाम, खोकं तुम्ही ठेवा, साचा द्या. "असं कसं? कागदावर 'एक खोकं' लिहिलंय. साचा कुठे लिहिलाय?" बरं, द्या मग धुरी! "साच्यासकट? खाण्याच्या यंत्राला धूर लागला तर आरोग्य खात्याचा... फक्त एक कागद."

पोटात रोजा, ऊन डोक्यावर, आणि मी या खिडकीतून त्या खिडकीत! तिकडे फॅक्टरीत तीस बाया हात बांधून बसलेल्या, हाज फतूह तासातासाला फोनवर, "आला?" शेवटी मदामना दया आली. साचा काढून गोदामात ठेवला, रिकाम्या खोक्याला धुरी दिली, शिक्का मारला. ईदला तीन दिवस! खिळे ठोकलेलं खोकं ट्रकवर चढलं. हलकं लागलं का? अहो, महिन्याचं ओझं उतरल्यावर सगळंच हलकं लागतं!

फॅक्टरीत बायांनी टाळ्या वाजवल्या. खोकं उघडलं... आत धुरीचा वास. नुसता वास!

धावलो परत. "साचा?" मदाम म्हणाल्या, "तो आता बिनखोक्याचा आहे ना! खोकं परत आणा." आणलं. गेटवरचा म्हणतो, "कुठल्या देशातून आलं?" अरे बाबा, तुझ्याच गेटातून गेलं! "मग देशी झालं. देशी माल आयातीच्या दारानं नाही घेत."

काय करणार? हात टेकले. खोकं घेऊन फॅक्टरीत परतलो नि हाज फतूहना फोन लावला. "साहेब, खोकं आलंय. शिक्क्यासकट."

"छान," म्हणाले, "तुझं सामान त्यातच भरून ने."

भरलं. चहाचा पेला, खुर्चीवरची गादी, अठरा वर्षांचे शिक्के. आणि आमच्याच फॅक्टरीच्या गेटवर आमचाच वॉचमन, माझ्याच हाताखाली शिकलेला, खोक्यावर हात ठेवून अगदी गोड आवाजात म्हणतो, "सगळं बरोबर आहे हो, सब्री उस्ताज... फक्त एक कागद."