सोडियम एकशे एकतीस

म्हैसूरच्या एका इस्पितळात तुंगा वडिलांच्या रिपोर्टची वाट पाहत बसली होती. मागच्या बाकाशी एक म्हातारे गृहस्थ धापा टाकत आले आणि तिथे बसलेल्या सुनेशी कानडीमिश्रित मराठीत बोलू लागले, तसे तुंगाने कान टवकारले.

“पावनी, तुझ्या अत्तेचं, सासूबाईंचं, सोडियम एकशे एकतीसवर आलं ग! उद्या सकाळी खुब्याचं ऑपरेशन करतायत!”

“अय्यो, खरंच मामा? पडल्या त्या दिवशी एकशे चौदा होतं ना, अल्वा?”

“हौदु, हो! सोडियम उतरवणारी बीपीची गोळी बंद केली, पाणी मोजून दिलं, हळूहळू चढवलं.”

“मी तर रोज भांडत होते, पटकन चढवा म्हणून.”

“पटकन चढवलं तर मेंदूला इजा होते म्हणे. आणि इतकं कमी असताना भूल देणं धोक्याचं. म्हणून तर चार दिवस थांबले.”

“सोडियम उतरल्यानं भ्रम झाला होता त्यांना; आता ओळखतात का त्या?”

“तेच सांगायला धावत आलो! पडल्यापासून ती मला पोस्टमन समजत होती, ठाऊक आहे ना?”

“हो, रोज पत्राचं विचारायच्या.”

“काल म्हणाली, ‘पोस्टमन, आमच्या यजमानांचं पत्र आलं का?’ मी काय सांगणार? म्हटलं, ‘आलंय बाई. उद्या येतायत.’”

“आणि आज?”

“आज डोळे उघडले, माझ्याकडे नीट बघितलं…”

तुंगा आता सरळ मागे वळूनच बसली होती.

“…आणि म्हणाली, ‘अहो, कधी आलात?’”