चारशे बारा खांबांची लागवड

बाई : चोरीला गेल्या म्हणा ना सरळ. मी रागावणार नाही.

मुकादम : चोरीला कशाला जातील, बाई? रस्त्याच्या कठड्याचे चारशे बारा खांब, चारशे बारा चटया. मी स्वतः मोजून बसवून घेतल्यात. पहिल्या दहा तर तुम्हीच गुडघे टेकून बसवून दाखवल्या होत्या. तुमच्या पँटला डांबर लागलं होतं.

बाई : आठवतंय मला. मग दाखवा एखादी.

मुकादम : ही काय.

बाई : हे गवत आहे.

मुकादम : त्याच्या खाली.

बाई : मुकादम, ती रबरी चटई आहे. खांबाच्या बुडाशी गच्च बसते. ऊन आत जात नाही, म्हणून तण उगवत नाही. एवढंच तर काम आहे तिचं. त्यासाठी मोठ्या साहेबांच्या मागे मी वर्षभर लागले होते. चार महिने पुलाच्या कामावर काय गेले, परत येऊन बघते तर कठडाच गायब. नुसतं गवत उभं.

मुकादम : कठडा आहे हो आत. हात घाला, लागतो.

बाई : गाडीवाल्याने काय हात घालून बघायचं? त्या वळणावर रात्रीचे चमकायला रिफ्लेक्टर लावलेत. एक दिसत नाही. आणि हे बघा, दोन खांबांच्या मधली जमीन. भाजलेल्या विटेसारखी कोरडी, एक काडी नाही. म्हणजे चटई नाही तिथे तण नाही, आणि चटई आहे तिथे जंगल. माझं डोकं चालेनासं झालंय.

मुकादम : माझंही तेच झालंय. रात्री झोप नाही. बायको म्हणाली, तुम्ही झोपेत खांब मोजता. बाई, मला वाटतं, या रस्त्याचं तण साधं नाही. आमच्या रोपवाटिकेत असंच एक होतं. एकदा खुरपं जमिनीत रोवून मी पाणी प्यायला गेलो. परत येईपर्यंत खुरप्याच्या मुठीला दोन पानं.

बाई : मुकादम.

मुकादम : बरं, एक पान. पण पान होतं.

बाई : तीन वाजता साहेब येणार आहेत. काय ठरलंय ते माहीत आहे ना तुम्हाला?

मुकादम : ते कसं विसरू? रोपवाटिका बंद झाली तेव्हा साहेबांनी आम्हा अकरा जणांना ओळीत उभं केलं होतं. म्हणाले, सहा महिने या रस्त्यावर काढा. कठडा स्वच्छ दिसला तर तुम्ही इथले कायमचे. नाही दिसला तर मूळ जागी परत. आमच्यातल्या थोरल्या मावशींनी विचारलं, साहेब, मूळ जागी तर आता गाड्या लावायची जागा झालीय, तिथे आम्ही काय करायचं? साहेब म्हणाले, ते नंतर बघू. त्या दिवसापासून मावशींनी एक खाडा केलेला नाही. गुडघे सुजलेत, तरी येतात.

बाई : म्हणूनच विचारतेय. तीनच्या आत मला कळायला हवं, माझी चटई फसली की आणखी काही झालं. तुम्ही तण काढलं नाहीत का मधे कधी?

मुकादम : खुरपं लावायचंच नाही, असं तुम्हीच बजावलं होतंत. चटई फाटेल म्हणालात. मी त्याच संध्याकाळी अकराच्या अकरा खुरपी गोणीत भरली आणि तोंड शिवून टाकलं. एकीला सवयीने हात शिवशिवायचे, तिला मी चमचासुद्धा दिला नाही.

बाई : म्हणजे माझं ऐकलंत.

मुकादम : तंतोतंत.

बाई : मग हे असं कसं झालं?

मुकादम : तेच तर. आम्ही जीव ओतला, बाई. अकरा माणसांनी एवढी निगा राखली, आणि वर हे असं. हा आला बघा आमचा टँकर. चालवणारा माझा मेहुणा. बोलायला जरा आगाऊ आहे, मनावर घेऊ नका.

टँकरवाला : नमस्कार मॅडम. दाजी, आज इकडून धरू की वळणाकडून?

बाई : काय धरायचंय?

टँकरवाला : पाणी.

बाई : कुणाला पाणी?

टँकरवाला : खांबांना.

बाई : कुठल्या खांबांना?

टँकरवाला : या. हे चारशे बारा. मंगळवारी आणि शुक्रवारी. उन्हाळ्यात रविवारीही घालायचो, पण रविवारी बायको ऐकत नाही.

बाई : मुकादम, हा काय म्हणतोय?

मुकादम : पाणी घालतो म्हणतोय. बरोबर आहे की. एका खांबाला दोन बादल्या.

बाई : लोखंडी खांबाला?

मुकादम : आता तुम्ही असं विचारल्यावर मलाही जरा... पण बाई, टँकर पहिल्यापासून आमच्या टोळीलाच जोडलेला आहे. आमची बदली झाली, त्याचीही झाली. त्याला बंद कर असं कुणी सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी तो भरून आला. आता भरलेला टँकर दारात उभा राहिल्यावर परत कसा पाठवायचा?

टँकरवाला : मी विचारलं होतं, मॅडम. पहिल्याच दिवशी. दाजी, म्हटलं, हे लोखंड आहे. दाजी म्हणाले, तू गाडी चालव.

मुकादम : तू गाडीच चालव.

बाई : थांबा. दोन बादल्या पाणी चटईवर ओतलं तर ते वाहून जाईल. रबर आहे ते. वाहून जाईल ना?

मुकादम : नाही जात. आळं केलंय.

बाई : आळं?

मुकादम : प्रत्येक खांबाला. गोल, हातभर रुंद. आळ्याशिवाय पाणी घालणं म्हणजे पाण्याचा अपमान.

बाई : रबरावर आळं कसं केलंत?

मुकादम : रबरावर कसं होईल? आधी माती घातली.

(बाई खाली बसून हातांनी खांबाच्या बुडाची माती उपसू लागते.)

बाई : वीतभर आहे.

मुकादम : चांगली वीतभर. तुमची नाही, माझी वीत.

बाई : ही इथली माती नाही. काळी आहे, भुसभुशीत आहे.

मुकादम : आहे ना? ओळखलंत तुम्ही. रोपवाटिका बंद झाली तेव्हा मागे केवढा ढीग पडला होता. चाळलेली माती, त्यात कुजलेलं शेणखत. वीस वर्षं आम्ही ती तयार केली होती. तिच्यात काठी टाकली तर काठीला फळ धरेल. तिथे डांबर पडणार म्हटल्यावर थोरल्या मावशी ढिगावर जाऊन बसल्या. उठेनात. म्हणाल्या, ही माती गाड्यांच्या चाकाखाली घालायला मी चाळली नाही. मग आम्ही ती टँकरच्या मागे ट्रॉली लावून इकडे आणली.

बाई : आणि चटईवर घातली.

मुकादम : चटया बसवून झाल्या, तुम्ही पुलावर गेलात. आम्ही अकरा जण उभे राहून बघत होतो. खांब कसा उघडा-बोडका दिसत होता, खाली काळं रबर. मावशी म्हणाल्या, असं काही लावून वाऱ्यावर सोडून आपण कधी गेलो नाही. बुडाला भर घाला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं. आजपर्यंत जमिनीत जे उभं केलं त्याला आम्ही भर घातलीच आहे, बाई. हात आपोआप जातो.

टँकरवाला : नोंदवहीपण आहे, मॅडम. दाजी, दाखवा ना.

मुकादम : गप रे.

बाई : दाखवा.

मुकादम : जुनीच वही आहे, नवी कुणी दिली नाही. रकाने रोपांचे आहेत, ते सांभाळून घ्या.

बाई : एकूण लागवड चारशे बारा. जगलेली चारशे अकरा. आजारी एक?

मुकादम : त्याला ट्रकने धडक दिली होती. वाकला. टेकू दिलाय, सुधारतोय.

बाई : मेलेली, निरंक.

मुकादम : एकही मेला नाही. आमच्या अख्ख्या नोकरीत असा आकडा कधी आला नव्हता. आंब्याची रोपं लावली तर शंभरातली तीस जायची. त्या दिवशी मी घरी जाऊन बायकोला म्हटलं, लोखंडाला तोड नाही.

बाई : मुकादम, तुम्हाला खरंच कळलं नाही? चांगली खताची माती, तिच्यात गवताचं बी असणारच. वर आठवड्याला चार बादल्या पाणी. आणि खुरपं मी बंद केलेलं. तण नाही येणार तर काय येणार?

मुकादम : माती, पाणी, खुरपं बंद.

टँकरवाला : दाजी, बसा जरा. इथे, टँकरच्या पायरीवर बसा.

मुकादम : म्हणजे आम्हीच वाढवलं.

बाई : हो.

मुकादम : मी चार महिने त्या चटईला शिव्या देत होतो, बाई.

बाई : आणि चटई ही बघा. खालून उचलते. काही आहे का खाली? पांढरी कोरडी माती. एक मूळ उतरलेलं नाही. जशी मी बसवली तशीच आहे.

मुकादम : मग तुमचं तर पास झालं.

बाई : माझं झालं. पण साहेबांना वर गवत दिसणार, खालचं नाही.

टँकरवाला : मॅडम, चटई खराब निघाली म्हणून सांगा. रबर ते काय, कुणी तपासतंय?

बाई : ती चटई मी निवडलीय.

टँकरवाला : मग काय, आमच्यावर ढकलणार?

मुकादम : तू टँकरमध्ये जाऊन बस.

टँकरवाला : दाजी, मी विचारलं होतं पहिल्याच दिवशी.

मुकादम : विचारलं होतंस. जा आता. बाई, एक ऐकाल का? खरं तेच सांगा. पण टोळी म्हणू नका, माझं नाव सांगा. मुकादमाला अक्कल नव्हती, त्याने माती घाला म्हटलं, बाकीच्यांनी घातली. माझी दोन वर्षं राहिलीत, मी घरी बसेन. मावशी घरी बसल्या तर आठ दिवसांत आडव्या होतील. त्या पायांवर उभ्या आहेत त्या कामामुळेच.

बाई : पण माती घाला असं मावशीच म्हणाल्या होत्या ना?

मुकादम : ते मी तुम्हाला सांगितलं. साहेबांना कशाला सांगायचं?

बाई : तीनची वाट कशाला बघायची? मी आत्ताच फोन लावते त्यांना.

मुकादम : आत्ता?

बाई : आता नाही लावला तर तीनपर्यंत मला काहीतरी दुसरंच सुचेल. तुम्ही इथेच बसा, मी त्या वळणापर्यंत जाऊन बोलते. गाड्यांच्या आवाजात ऐकू येत नाही.

टँकरवाला : दाजी, गेल्या त्या. काय सांगतील हो?

मुकादम : तुला टँकरमध्ये बस म्हटलं होतं.

टँकरवाला : बसलोच आहे. खिडकीतून दिसतंय. हात हलवतायत. आता खाली बघतायत. आता काहीच करत नाहीयेत.

मुकादम : साहेब ओरडत असतील.

टँकरवाला : ओरडल्यावर माणूस फोन कानापासून लांब धरतो. त्यांनी जवळ धरलाय. आल्या बघा.

मुकादम : काय म्हणाले, बाई?

बाई : मी सगळं सांगितलं. चटईवर माती घातली, आळी केली, पाणी घातलं. नोंदवहीतला आकडासुद्धा वाचून दाखवला.

मुकादम : माझं नाव सांगितलंत ना?

बाई : नाही. अकरा जणांनी केलं म्हटलं, आणि जाताना कुणाला काही समजावून न सांगता गेले ती मी बारावी. मग त्यांनी विचारलं, गवत कुठलं आहे? मी म्हटलं, मिश्र आहे, मधे पिवळी फुलंही आलीत. तर म्हणाले, परवा मी सहकुटुंब त्याच रस्त्याने गेलो. बायको म्हणाली, कडेला कुणीतरी छान बाग केलीय, गाडी हळू घ्या. मीही हळू घेतली. चौकशी करायची राहून गेली.

टँकरवाला : म्हणजे आवडलं?

बाई : ते मला कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. आज येत नाही म्हणाले. वळणावरचं गवत मात्र आजच्या आज काढायचं, रिफ्लेक्टर उघडे पाहिजेत. ते त्यांनी दोनदा सांगितलं.

मुकादम : ते बरोबरच आहे. गोणी उसवतो आत्ता. आणि बाकीचं?

बाई : बाकीचं सोमवारी येऊन बघतो म्हणाले. तोपर्यंत कायमची किती माणसं लागतील ते लिहून पाठवा.

मुकादम : कशाला लागतील? काढायला, की वाढवायला?

बाई : मीही तेच विचारलं. म्हणाले, ते सोमवारी ठरवू.

मुकादम : मग अकरा लिहा, बाई. दोन्हीला अकराच लागतात.