बोटांना पाठ असलेला नंबर

फोन दुरुस्तीच्या दुकानात रांगेत उभ्या असलेल्या शिंपीणबाईंचे कान पुढच्या माणसाच्या बोलण्याकडे लागले होते.

“बटणांचा फोन द्या. बाबांसाठी हवाय.”

“टचवाला घ्या की! नातवंडांचे चेहरे दिसतात.”

“तोच दिला होता. नातीला बघून हरखायचे. मग नजर अगदीच गेली.”

“अरेरे.”

“जुन्या फोनवर चाचपून नंबर लावायचे. या काचेवर बोटाला काही लागतच नाही. चार महिने त्यांचा फोन नाही. मला वाटलं, रुसलेत.”

“तुम्ही नाही केलात?”

“मीही रुसलो होतो.”

“हा घ्या, आता करतील.”

“काल शेजाऱ्यांचा बटणांचा फोन हातात दिला. नुसते चाचपत बसले. म्हणाले, ‘तुझा नंबर बोटांना पाठ होता रे, आता आठवत नाही.’”

“मग कशाला नेताय?”

“बोट धरून शिकवतो. जमलं तर.”